स्मेल्ट्स संघ, धुरीघर आणि माझा भाऊ ऑर्विल

फासे ठेवले म्हणे! टाकले नाहीत, ठेवले! चार वर्षं झाली, माझ्या भावाने ते शब्द अजून परत घेतलेले नाहीत. मी काय करायला हवं होतं, तर त्याने स्वतःच्या हाताने लिहून पाठवलेलं कार्ड बाजूला सारायचं आणि डुलुथमध्ये बसलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते इथे अल्गोमात बसून ओळखायचं. मी काय मनकवडी आहे?

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत." मी म्हटलं, मरणार मी, सुरुवात पण मीच करणार. आता त्यांच्या पद्धतीने.

मी, वर्ला क्लुगे, कै. हॅरल्ड क्लुगे यांची बायको, वय एक्कावन्न, शिक्षण आठवी, धंदा माशांना धुरी देऊन विकण्याचा, राहणार अल्गोमा, विस्कॉन्सिन, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, हे मी राजीखुशीने लिहिते, कोणी माझा हात धरून लिहून घेत नाही, आणि धरला असता तर त्याची खैर नव्हती. हॅरल्ड असताना केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. चोवीस नोव्हेंबरला ग्रीन बेच्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात वेळेवर सापडली, बहुतेक सगळं ठीक होईल. मलाही तसंच वाटतं. पण "बहुतेक" या शब्दावर मी कोणाला मासासुद्धा उधार देत नाही, म्हणून हे लिहिणं.

कलम पहिलं. माझं राहतं घर, मागचं धुरीघर, सगळ्या सुऱ्या, मिठाची पिंपं आणि ट्रक हे माझी भाची जॅनिस डेलफॉस हिला द्यावं. ही माझ्या भावाचीच मुलगी, पण त्यात तिचा दोष नाही. ती माझ्याकडे कामाला आली तेव्हा तिला माशाचं डोकं कुठलं ते कळत नव्हतं, आता ती माझ्यापेक्षा स्वच्छ कापते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोललेले नाही, इथे वाचून घ्यावं. जॅनिस, धुरीला मेपलचंच लाकूड. शेजारचा मिल्टन पाइनचा ढीग फुकट देऊ करेल, घेऊ नकोस, त्याने मासा डांबरासारखा लागतो. आणि नाशपातीच्या झाडाला त्याला हात लावू द्यायचा नाही. फांदी त्याच्या बाजूला गेली असेल, पण मूळ माझ्याकडे आहे.

कलम दुसरं. बँकेतल्या शिल्लकीतून इस्पितळाचं आणि दफनाचं देणं भागवावं, उरेल ते जॅनिसचं. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होईल, त्यात थंडगार हॅमचे सँडविच नकोत. हॅरल्डच्या वेळी ते होते आणि मी दिवसभर लाजेने मान खाली घालून बसले. मोठं पातेलं चढवून बूया, म्हणजे आपला इथला दाट रस्सा, शिजवावा, कोंबडी हाडांसकट घालावी, आणि चर्चमधल्या ग्लॅडिसला पातेल्याजवळ उभं करू नये. तिला मीठ कळत नाही, ऐकून घेणं तर त्याहून कळत नाही.

कलम तिसरं. माझा बेसबॉल संघ, नाव स्मेल्ट्स, इथल्या छोट्या माशांवरून. त्याची सगळी कार्डं, फासे, आणि हॅरल्डने ज्या पेटीत तो खेळ टपालाने मागवला होता ती पेटी.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही (वकीलसाहेब त्यातलेच) त्यांच्यासाठी लिहिते. एकेका खेळाडूचं एकेक कार्ड असतं, तो मैदानावर जसा खेळला तसे आकडे त्यावर. फासे टाकायचे आणि कार्डावर बघायचं. चेंडू कुंपणापार गेला, का खेळाडू बाद झाला, ते तिथे लिहिलेलं असतं. कोणाला कधी खेळवायचं ही अक्कल आपली. आमची लीग रविवारी लीरॉयच्या बारच्या मागच्या खोलीत भरते. हॅरल्ड गेला तेव्हा लीरॉय म्हणाला, "वर्ला, संघ विकतेस का?" मी म्हटलं, "तू नवरा मेल्यावर विचारतोस, निदान बिअर तरी पाज." पुढच्या रविवारी हॅरल्डच्या खुर्चीवर मी बसले.

ज्याला येणं जमत नाही, तो सूचना लिहून पाठवतो. कोणाला आधी खेळवायचं, कोणाला धावायला लावायचं, चेंडू टाकणारा पिचर कधी बदलायचा. मग ज्याच्या घरी सामना असेल तो एकटा बसून दोन्ही बाजूंनी फासे टाकतो आणि निकाल कळवतो. बघायला कोणी नसतं. आमची अख्खी लीग एवढ्यावरच उभी आहे.

ऑर्विल डुलुथच्या गोदीतल्या बोटींवर कामाला गेला, तरी तो असाच टपालाने खेळायचा. चार वर्षांपूर्वी लीगचा शेवटचा, निकालाचा सामना त्याच्या आणि माझ्या संघात होता, माझ्या स्वयंपाकघरात. त्याने पाठवलेल्या सूचनांच्या कार्डावर ठसठशीत लिहिलेलं, खाली रेघ मारून: काहीही झालं तरी ऑर्कटला काढायचं नाही. ऑर्कट म्हणजे त्याचा लाडका पिचर. सातव्या डावानंतर ऑर्कट दमतो, हे त्याच्या खेळाच्या कार्डावरच छापलेलं आहे. मी डुलुथला फोन लावला. भावजय म्हणाली, ते बोटीवर आहेत, परवा येतील. लीग लीरॉय चालवतो, त्याला निकाल त्याच दिवशी हवा होता. मी ऑर्कटला ठेवला आणि फासे टाकले. आठव्या डावात माझ्या पोरांनी त्याला धुतला.

बोट लागल्यावर ऑर्विलचा फोन आला.

"दमलेल्या माणसाला कोण ठेवतं गं मैदानात?"

"तू. अक्षर तुझंच आहे."

"अगं, पण डोकं वापरायचं की नाही?"

"माझं डोकं माझ्या संघासाठी. ते तुझ्या संघात घातलं असतं आणि तरीही तू हरला असतास, मग काय म्हणाला असतास?"

मग म्हणाला, "खरं सांग वर्ला, फासे टाकलेस की हवे तसे ठेवलेस?"

मी फोन आपटला. त्याने लीग सोडली. त्यानंतर नाताळाची कार्डंसुद्धा भावजयीच्या अक्षरात येतात. लीरॉय दर वर्षी म्हणतो, ऑर्विलचा संघ दुसऱ्या कोणाला देऊन टाकू. मी देऊ दिलेला नाही. का, ते कोणी विचारू नये.

आता हे मृत्युपत्र असं का, ते सांगते. सप्टेंबरात जॅनिस आईबापाकडे जाऊन आली. आम्ही खवले काढत होतो.

"आत्या, एक सांगू? चिडायचं नाही."

"आधीच चिडलेय. सांग."

"बाबा गॅरेजमध्ये बसून तुझ्या संघाशी खेळतात. तुझ्या कार्डांची नक्कल आणि तुझ्या सूचनांची जुनी पत्रं समोर ठेवून. तुझ्या बाजूने पण तेच फासे टाकतात."

"आणि जिंकतं कोण?"

"मी बघत होते तेव्हा तू. बाबा टेबलावर मूठ आपटून ओरडले, ही बाई इथे नसताना पण मला सोडत नाही!"

"मग टाकले असतील परत."

"नाही गं. निकाल लिहिला आणि कॉफी ओतून घेतली. आणि तू कुठल्याशा पत्रात लिहिलंयस ना, जाड्या कॅचरला पहिल्या संधीला पुढच्या बेसकडे पळवायचं? तो दर वेळी बाद होतो. बाबा म्हणतात, मूर्ख आहे माझी बहीण, आणि पळवतात."

पळवतो! स्वतःचा फायदा असून मला मूर्ख म्हणतो, हे बघा. पण माझं लिहिलेलं मोडत नाही. गॅरेजचं दार लावून, कोणी विचारणारं नसताना, जो स्वतःच्या विरुद्ध पडलेला फासा तसाच राहू देतो, त्याच्या हाती घरदार सोपवायला मला धास्ती वाटत नाही. चांगल्या शाळेत शिकलेल्या पुष्कळ लोकांबद्दल मी हे म्हणणार नाही.

म्हणून कलम चौथं. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझा धाकटा भाऊ ऑर्विल डेलफॉस याला नेमते, आणि कलम तीनमधला स्मेल्ट्स संघ माझ्यामागे त्यालाच देते. त्याने जिथे मी लिहिलंय तिथे लिहिल्याप्रमाणे करावं. जिथे लिहायचं राहिलं असेल तिथे त्याने खुशाल डोकं वापरावं, मी वर बसून कुरकुर करणार नाही. त्या निकालाच्या सामन्याचा निकाल मात्र बदलायचा नाही, माझ्या मरणानेसुद्धा नाही. तो नाही म्हणाला तर बँकेचा माणूस व्यवस्थापक होईल, आणि संघ लीरॉयकडे जाईल. लीरॉयला कॅचर आणि पिचर यातला फरक बिअर उतरल्यावरच कळतो, हे ऑर्विलला माहीत आहे.

मी जगले वाचले तर संघ माझा, खुर्ची माझी, आणि हा कागद पुन्हा वकिलांच्या कपाटात. माझा बेत तोच आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदा आहे म्हणे. एल्सी, तू साक्षीदार, म्हणून तुझं काचेचं भांडं मी आजच परत करतेय. त्याचा टवका माझ्याकडून उडालेला नाही.

हे सगळं मला वाचून दाखवलं, बरोबर आहे, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) वर्ला क्लुगे

साक्षीदार: १. (सही) एल्सी पावलिक, अल्गोमा
२. (सही) फ्लॉइड राबास, केवॉनी

ठिकाण: अल्गोमा, विस्कॉन्सिन
सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

ऑर्विल, ही नक्कल तुझ्यासाठी. सही झाल्यावर खाली मी माझ्या हाताने लिहितेय, वकिलांना विचारलेलं नाही. बावीसच्या रविवारी दुपारी लीरॉयकडे ये. तुझा संघ तिथेच फळीवर आहे, धूळ मी पुसलीय. सूचना पाठवू नकोस, स्वतः ये आणि माझ्या समोर बसून खेळ. मंगळवारी मला आत नेतील, त्याआधी एक सामना होऊन जाऊ दे. मला जिंकू देण्याचा शहाणपणा केलास तर मी उठून जाईन. व्यवस्थापक होणार का, आणि रविवारी येणार का, दोन्हीचं उत्तर शुक्रवार, वीस नोव्हेंबरपर्यंत मला हवंय. बायकोच्या अक्षरात नाही, जॅनिसच्या हाती निरोप नाही. फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग.