टँकर कुठं थांबतो

४ मे, लातूर
चाकूरकडच्या एका गावात टँकर आजही दलित वस्तीवर गेला नाही. तहसीलच्या बाबूनं फोनवर सांगितलं, हुकूम निघालाय: आधी वस्तीचा हौद, मग गावची विहीर. पाणी मात्र सगळं विहिरीत. तिथं वस्तीच्या बायांनी लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर न्यायचं. लातूर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून मोर्चे निघाले तेव्हा वस्तीचीच माणसं पुढं चालली होती. जिल्ह्याची पाटी बदलली, बाकी...

६ मे
त्या गावी जाऊन आलो. टँकरचा ड्रायव्हर मारुती, त्याला गाठलं.
"हुकूम हाय, न्हाई कुटं म्हणतो साहेब. पण माझी भाकर सरपंचाच्या ओसरीवर असती. गाडी थांबती तिथंच, विहीर म्होरंच."
"आधी वस्तीत रिकामी कर की."
"मग भाकर बंद. उपाशी गाडी हाणू व्हय उन्हात?"
जुना जिल्हा होता तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हर तिथंच जेवतो म्हणे. कलेक्टर आला काय, गेला काय!

७ मे
कॉलेजातल्या मित्रांबरोबर चहा. समाजशास्त्राचे प्रा. बि.: रीत गरजेतून जन्मते, गरज सरली की मरते. अर्थशास्त्राचे प्रा. धा.: ज्यांचा फायदा, ते तिला मरू देत नाहीत. इतिहासवाले: एकदा चाकोरी पडली की चाक तिथंच जातं. तासभर वाद. तिघंही थोडे थोडे बरोबर असतील. हौद कोरडा. उठलो, चहा अर्धा टाकून.

९ मे
वस्तीतल्या सुभद्राबाई बाजाराला आल्या होत्या. ड्रायव्हरचं म्हणणं सांगितलं.
"भाकरीनंच अडलंय व्हय दादा? मग आमी घालतो की."
"खाईल तो?"
"न्हाई खाल्ली तर कळंल तरी, कशानं अडलंय ते." मग हसल्या. "पण जेवणाऱ्याला पाणी द्यावं लागतं. ते कुटनं आणू?"
मला हसू आलं नाही.

११ मे
वस्तीचा जेवणाचा निरोप मारुतीला स्टँडवर सांगितला.
"बघू," म्हणाला. मग बिडी विझवत: "ठेचा लई तिखट असतो का त्यांचा?"
हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सरपंचाचं नावही काढलं नाही त्यानं.
उद्या टँकर. रस्त्यानं आधी वस्ती लागते, मग ओसरी. सुभद्राबाई पिठलं-भाकरी करणार. एक तांब्या पाणी त्याच्यासाठी झाकून ठेवलंय, पोरांना हात लावू देत नाहीत. मी हौदापाशी थांबणार. ब्रेक तिथं लागतो का, एवढंच बघायचं.