सुधाताईच्या फोटोमागची ओळ

४ जून २०१२
इथल्या मराठी मंडळाच्या वधूवर साइटचं काम परत माझ्याच डोक्यावर. तरसालीचे मोहिते मांडवीच्या ऑफिसात स्वतः येऊन सेक्रेटरीकाकांना सुनावून गेले. बँकेत टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून दृष्टी नाही, वय बेचाळीस. त्यांचा कॉम्प्युटर साइट वाचून दाखवतो, पण मुलीच्या फोटोशी आला की नुसतं ‘फोटो’ म्हणतो. “फोटो, फोटो, फोटो. मी काय समजायचं?” काका मला गुजरातीत म्हणाले, मेधाबेन, करी आपो ने, द्या ना करून. झालं. आता प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची. ती दिसत नाही, कॉम्प्युटर वाचतो तेव्हा ऐकू येते.

८ जून
तपासायला सुधाताईला बसवलं. घरातच आंधळं माणूस असताना बाहेर कुठे शोधू? माझी नणंद, नवऱ्याची, अविची मोठी बहीण, लग्न राहिलेली. दिवसभर रेडिओ, नाहीतर माझ्या चुका. तिच्याकडेही तो बोलका कॉम्प्युटर आहे, मराठी हिंदीच्या वळणानं वाचतो. ‘नाव नोंदवा’चं बटण तिला माऊसशिवाय सापडेचना. दुपारभर खपून नीट केलं. “आत्ता सापडलं,” इतकंच. शाबास म्हणायला हिची जीभ झिजते.

११ जून
चाळीस फोटो झाले. मजा येतेय, खोटं कशाला बोलू. फॉर्मात सगळ्या म्हणे गव्हाळ. मी दिसेल ते लिहिते. सावळी, दात पुढे, कपाळ मोठं, जिवणी थेट बापाची. सुधाताई ऐकून पोट धरून हसली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकत्र पहिल्यांदाच हसलो, तेही लोकांच्या पोरींवर.

१३ जून
घोटाळा. फोटोवर माऊस नेला की ती ओळ वर उमटते, हे माझ्या ध्यानातच नाही. एका मुलीच्या आईनं ‘दात पुढे’ वाचलं. काकांनी फोनवर झापलं. “जरा सारू सारू, चांगलं चांगलं लिहा ने!” उमटणं बंद केलं. शिवाय सगळ्यांना ‘हसतमुख, नाकीडोळी नीटस’ करून टाकलं.

१५ जून
सुधाताई म्हणते, माझंही नाव घाल. अविनं गच्चीत फोटो काढला. “ओळ तूच लिही. मी स्वतःला शेवटचं पाहिलं ते नऊ वर्षांची असताना, त्या तापाआधी.” ह्या घरात सगळे तिला सांगत आलेत, डोळे होते तस्सेच आहेत, बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. सासूबाई हेच सांगत गेल्या. अवि सांगतो, मीही सांगते. अवि स्वयंपाकघरात येऊन हळूच, “नीटसच लिही हं.”
लिहिलं तसं.

१६ जून
शेजारच्या ज्योत्स्नाबेन आल्या होत्या. साइटचं कौतुक करत होत्या. सुधाताई चहाचा घोट घेऊन म्हणाली, मेधाला वेळच वेळ, मूल ना बाळ, दुसरं करणार काय? गुजरातीत म्हणाली, त्यांना नीट समजावं म्हणून. मी कपबशा उचलल्या, आत आले आणि तिच्या फोटोची ओळ बदलली.
‘दोन्ही बुबुळं पांढरी, डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला. चेहऱ्यात आधी तेच दिसतं.’
एक अक्षर खोटं नाही. बरं वाटलं.

२० जून
मोहित्यांचा फोन. म्हणाले, “सगळ्या नाकीडोळी नीटस. एकीच्याच फोटोला डोळ्यांचं खरं लिहिलंय. त्यांनी स्वतः सांगितलं असं लिहायला?” मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं हो, त्यांनीच. तर म्हणाले, “मला अशाच बाई हव्यात. रविवारी फोन करतो, त्यांच्याशीच बोलेन.”
सुधाताईला निरोप दिला. कितीतरी वेळ केसांवरून हात फिरवत बसली. काय लिहिलंयस गं असं, विचारत होती. म्हटलं, साइट बंद आहे दोन दिवस.
ओळ आता काढली तरी मोहिते बोलणारच ना. त्यांनी ऐकलीय.

२४ जून, रविवार
सकाळी भाजी चिरत होते. तिच्या खोलीतून कॉम्प्युटरचा आवाज. बुबुळं पांढरी. परत तेच. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा सुरी ठेवून दारात गेले.
“खरंय हे?”
“हो.”
“गणपतीत स्टेजवर गायले, तेव्हाही?”
“हो.”
“आणि तू पावडर लावून, गजरा माळून पाठवलंस मला.”
रडली असती तर जवळ गेले असते. रडली नाही. मग मीच सगळं सांगून टाकलं. मोहित्यांना ती ओळच आवडलीय, तूच ती लिहवून घेतलीस असं मी सांगितलंय. सांगताना माझी मलाच शिसारी आली. कुणाचं भलं करायला लिहिली नव्हती मी ती.
“म्हणजे त्यांना तू आवडलीस,” ती म्हणाली.
साडेदहाला फोन आला. रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिनं तो माझ्या छातीशी आणून टेकवला. “तूच बोल. त्यांना खरं आवडतं.” आतून मोहिते हॅलो, हॅलो करत होते. मी फोन ठेवून दिला.
पुन्हा वाजतोय. अवि बाहेर गेलाय. ती फोनशेजारी बसलीय, उचलत नाही. मी हे लिहीत बसलेय.