मधमाश्यांना सांगितले, भट्टीला नाही

एल्बरफेल्ड,
मंगळवार, ९ एप्रिल १८३९

ती. मेख्टिल्ड वहिनींना, धाकट्या दिराचा शि. सा. न. वि. वि.

दादा आज पहाटे गेला. काल दगडी कोळशाचा कोक विकणाऱ्यांशी बोलून खाणावळीत परतला तेव्हा छातीत कळ होती. वैद्य आला, उपयोग झाला नाही. शेवटपर्यंत लोखंडाच्या नव्या भट्टीचेच विचारत होता. आज पेटून कितवा दिवस, म्हणाला. मी पाचवा म्हणालो, तर म्हणाला की सहावा, एव्हर्ट, तू मोजण्यात जन्माचा कच्चा.

उद्या मी त्याला घेऊन निघतो. रीतीप्रमाणे घड्याळ थांबवावे, मालक गेल्याचे मधमाश्यांना सांगावे आणि टोनेस मिस्त्रींकडून भाते बंद करवावेत. बाबांच्या वेळी माती होईपर्यंत तीन दिवस बंद होते, तसेच.

वहिनी, धीर धरा. मी आहे.

तुमचा,
एव्हर्ट

एर्लेनबाख,
बुधवार, १० एप्रिल

रा. भावोजींना सप्रेम न. वि. वि.

पत्र आज सकाळी पोचले. मी कोणाला सांगितलेले नाही. त्यांना शनिवारपर्यंत तिथेच ठेवावे, ही माझी विनंती आहे.

बाबांची भट्टी लाकडी कोळशाची होती. वरून राख दाबली की तीन दिवस निजे आणि पुन्हा उठे. ही कोकची भट्टी पहिल्यांदाच पेटली आहे. आता भात्यांचा वारा तुटला तर लोखंड पोटात गोठेल आणि भिंती फोडाव्या लागतील. वितळलेल्या लोखंडाचा पहिला रस शनिवारी यावा. तो बाहेर पडला की मग तीन दिवस झाकता येईल, असे त्यांनीच मला सांगितले होते. ते अकरा वर्षे याच्यामागे होते. माझ्या माहेरचे जंगल विकले तेव्हा मीही सही केली. खोऱ्यातले जुने भट्टीवाले म्हणत आले आहेत की आपल्या ओव्हरकांप घराण्याच्या भट्टीत फार तर पाव भाजून निघेल. ती एकदा फोडली की पुन्हा कोणी बांधू देणार नाही.

म्हणून घड्याळ चालू आहे आणि माझा झगा काळा नाही, निळाच आहे. टोनेसने दुपारी विचारले की मालक कधी येणार. मी म्हणाले, शनिवारी, नवी टोपी शिवून घेताहेत. तो म्हणाला, टोपी घ्यायला एवढे दिवस, म्हणजे एल्बरफेल्डवाले डोकेही नवे शिवून देतात की काय. मी हसले.

मधमाश्यांना मात्र सकाळीच सांगितले. घराच्या किल्लीने प्रत्येक मधपेटीवर तीनदा ठोकून. तेवढे टाळवले नाही.

रागावू नये.

मेख्टिल्ड

एल्बरफेल्ड,
गुरुवार, ११ एप्रिल

ती. वहिनींना, सा. न.

रागावलो आहे. माझा भाऊ तळघरात हेरिंगच्या पिंपांशेजारी पडला आहे आणि खाणावळीची मालकीण रोज विचारते की याला घर नाही का. बाबांसाठी भाते थांबले आणि दादासाठी थांबणार नाहीत? ज्यांनी त्याच्यासाठी हात भाजून घेतले, त्यांना तुम्ही फसवून राबवत आहात. त्याला हे आवडले असते का, ते स्वतःला विचारा.

मी उद्या निघतो. शनिवारी सकाळी दारात असेन, रस येवो न येवो.

एव्हर्ट

एर्लेनबाख,
शनिवार, १३ एप्रिल

रा. भावोजींना न. वि. वि.

टोनेसच्या माणसांनी तुमची गाडी वरच्या गिरणीपाशी अडवली, ती माझ्या सांगण्यावरून नाही. त्यांच्यापैकीच एकाच्या हाती हे पत्र पाठवते.

तुमचे पत्र काल मिळाले. फसवणुकीचे वाचल्यावर मला बसवेना. मी टोनेसकडे गेले आणि सांगू लागले. त्याने मला थांबवले. म्हणाला, बाईसाहेब, मला काही सांगू नका. बुधवारी सकाळी तो दुधाला आला होता आणि त्याने मला किल्ली घेऊन मधपेट्यांपाशी पाहिले होते. दुपारपर्यंत भट्टीवरच्या चाळीसही जणांना कळले होते. टोपीची थट्टा त्यानंतरची.

त्याचे म्हणणे असे, की रीत रीतसर पाळावी. आधी माश्या, मग गाई, शेवटी आग. बाबांच्या वेळीही भट्टीला सांगितल्यावरच भाते थांबले होते. भट्टीला अजून कोणी सांगितलेले नाही. तोवर मालक टोपी घेत आहेत, आणि ते येईपर्यंत वारा तुटला तर शिव्या कोण खाईल.

आज नऊ वाजता रस आला. पांढरा, पातळ, चांगला वाहिला. कोणी ओरडले नाही. साच्यांत भरेपर्यंत सगळे उभे होते. मग टोनेसने टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिले. मी गाईंना सांगून आले आणि भट्टीच्या दगडावर तीनदा किल्ली ठोकली. मालक गेले, असे म्हणाले. माणसांसमोर हे शब्द मी आजवर उच्चारले नव्हते.

टोनेसच्या दिवस मोजायच्या पाटीवर पाहिले. मंगळवारी सहावाच दिवस होता.

आता त्यांना आणावे. मागच्या वाटेने नको, भट्टीसमोरून. भाते थांबले आहेत. खोरे इतके शांत आहे की गिरणीवरून गाडी निघाली की चाके मला इथे ऐकू येतील.

आपला राग ओसरला की पूर्वीचा लोभ परत द्यावा.

मेख्टिल्ड