तीन इंचांचं टोपडं

बाई,

तुम्ही विणलेलं पिवळं टोपडं मी उसवलं. पूर्ण. डोक्यावरच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत, एक टाका शिल्लक नाय ठेवला. आणि तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही, जी तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात, तीपण मीच उचलली. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं.

ओळखलंत ना? तुमच्या लोकरीच्या पिशवीत सुके बोंबील टाकणारा तो मीच. दुपारी तुमच्या पडवीत विणकामाचा क्लास चालायचा, आई यायची, आणि तिच्या मागे मी. तीन वेळा धुऊनसुद्धा लोकरीचा वास गेला नाय, तेव्हा तुम्ही माझा कान असा पिरगाळला होता की आजही हेल्मेट घालताना तो कान जरा दबकूनच आत जातो. त्या कानाबद्दल माझं काय म्हणणं नाय. बोंबील मी टाकले, कान तुम्ही पिळलात, फिट्टंफाट. मी भांडायला आलोय ते आईच्या वतीनं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, उलटं बोलू शकत नाय तुम्ही, हे मला माहीत हाय. म्हणून तर आत्ता आलोय.

मामाच्या पोराचं बारसं आठवा. आई आत्या, म्हणजे टोपडं तिच्याकडनं. महिनाभर ती सकाळी बोंबील वाळत घालायची, हात लिंबानं आणि राखेनं चोळून चोळून धुवायची, आणि मग ओटीवर बसून तुम्ही सांगितलेलं, तिनं कागदावर उतरवून घेतलेलं, शब्द न् शब्द वाचत विणायची. बारशाच्या दिवशी सगळी वाडी जमलेली. मामी बाळाच्या डोक्यावर टोपडं चढवते. ते चढतच नाय. कानापर्यंत येतच नाय, वरच्यावर बसतं, शहाळ्यावर कापलेलं झाकण ठेवावं तसं. बाळ मान हलवतं आणि टोपडं थेट घुगऱ्यांच्या पातेल्यात. बायका अशा हसल्या, बाई, की पाळण्याची गाणीसुद्धा थांबली. आणि तुम्ही पुढे आलात. पर्समधनं प्लास्टिकची पिशवी काढलीत, पिशवीतनं हे पिवळं टोपडं. काय गोल, काय मऊ. म्हणालात, "असू दे गं. मासळीचा हात लोकरीला लागला की असंच व्हायचं. मला वाटलंच होतं, म्हणून एक करून ठेवलं."

आईनं त्यानंतर विणकाम सोडलं. भांडली नाय, रडलीबिडली नाय. कागद आणि लोकर डब्यात कोंबली. एक सुई अजून गॅसच्या बर्नरची भोकं साफ करायला वापरते.

यंदा ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जेटीवर मासळी निवडताना बायकांचं सुरू झालं. एक जण म्हणते, "टोपडं तेवढं माणगावच्या बाजारातनं आण गो. आजीच्या हातचं नको, पोराचे कान गारठतील." सगळ्या खो खो हसल्या. तेरा वर्षं झाली तरी त्यांना ते झाकण आठवतंय. आणि आईपण हसली त्यांच्याबरोबर. तिच्या त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा तुमच्या कान पिळण्याचा पण आला नव्हता. म्हटलं, या बारशाला असं टोपडं आणायचं की त्याच बायका, तेच डोळे, गप झाल्या पायजेत. आईला म्हटलं, "विण." ती म्हणाली, "खुळा हाय का? माझ्या हाताला त्ये न्हाय जमत. बाईंनी सांगितलंय." बघा, तुम्ही मेलात तरी तुमचं वाक्य आमच्या घरात भाड्यानं राहतंय.

मग मीच बसलो. मी हॉटेलांत, होमस्टेमध्ये कॅमेरे आणि राउटर लावतो, केबलच्या आठ तारा डोळे मिटून रंगावार लावतो, म्हटलं दोन सुया काय चीज हाय. डब्यातनं आईचा कागद काढला. "७२ टाके घाला. कड २ सु. २ उ. आठ ओळी. मग एक ओळ सु. एक ओळ उ. असे ३ इंच. मग * ७ सु. २ चा १ * शेवटपर्यंत. पुढची ओळ उ. असेच एकेक कमी करत जा." बाई, चायनाच्या कॅमेऱ्याचं पुस्तक यापेक्षा सोपं असतं, त्यात निदान चित्र असतं. सु. म्हणजे सुलट आणि उ. म्हणजे उलट, हे ताईनं सांगितलं. पण ती दोन फुलं कसली? मला वाटलं आईनं फावल्या वेळात नक्षी काढली. "असे ३ इंच" म्हणजे कड धरून की सोडून? "एकेक कमी" म्हणजे काय कमी करू, टाका, ओळ, की जेवण? मी दर ओळीला एक टाका सुईवरनं सोडून दिला. तो मुकाट्यानं जात नाय, शिडी लावल्यासारखा पार खालपर्यंत उतरत जातो. मोबाईलवर व्हिडिओ लावला तर त्यातली बाई हिंदीत "फंदा, फंदा", म्हणजे टाका, टाका, करत इतक्या जोरात विणते की मला आधी माझीच बोटं सापडेनात. दहा दिवसांनी जे तयार झालं ते ताईला दाखवलं. पोट धरून म्हणाली, "काय रे हे, खेकड्याचा मोजा?"

आमच्या कामात केबल कुठं तुटली ते कळत नसलं की शेवटच्या टोकापासून मागे यायचं. मी मामीकडे गेलो. तुमचं पिवळं टोपडं तिनं पेटीत जपून ठेवलेलं. म्हटलं, ताईला शकुनाला पायजे. हरिहरेश्वरच्या एका हॉटेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे बसलो, जिथं कुणी येत नाय, आणि टोपड्याच्या शेंड्याची गाठ कापून धागा ओढला. टप, टप, टप. प्रत्येक ओळ सुटताना टाके मोजले, बिलाच्या पाठीवर लिहून ठेवले. दोन टाके एकत्र विणले तिथं धागा जरा अडतो, मग सुटतो. एका ओळीत धागा असा आठ वेळा अडतो. त्यांच्यामध्ये आधी काहीच नाय, मग एक टाका, मग दोन, असं वाढत वाढत सातपर्यंत. तेव्हा डोक्यात उजेड पडला. म्हणजे विणताना आधी सात आणि जोडी, मग सहा आणि जोडी, मग पाच! एकेक कमी म्हणजे हे! आणि ती फुलं म्हणजे नक्षी नव्हे, इथून इथपर्यंतचं पुन्हा पुन्हा करत जा, ओळ संपेपर्यंत. एवढं साधं होतं, बाई. तासाभरात तुमची अख्खी विद्या माझ्या मांडीवर कुरळी होऊन पडली होती. मी टाकीला टेकून एकटाच हसत होतो.

मग उरलेला सरळ भाग मोजला. कड सोडून पाच इंच. टेप दोनदा लावली. पाच. आईच्या कागदावर तीन. पाचाच्या जागी तीनला घटवायला घेतलं तर ते झाकणच होणार, दुसरं काय होणार? आता प्रश्न असा की चुकलं कोण, लिहिणारी की सांगणारी.

तुमच्या घराचा आता होमस्टे झालाय. तुमच्या मुलानं कॅमेरे लावायला मलाच बोलावलं. तुमची सून चांगली हाय हो. मी शिडीवर असताना खाली पोह्यांची बशी धरून उभी, "आधी खाऊन घे रे, वायर कुठं पळून जात नाही." ती चहा टाकायला आत गेली आणि मी भिंतीतल्या कपाटातनं वही काढून बॅगेत टाकली. कॅमेरे मीच लावत होतो, त्यामुळे ते कधी चालू करायचे तेपण माझ्याच हातात होतं. पुढच्या वळणावर गाडी थांबवून वही उघडली. टोपड्याच्या पानावर स्वच्छ "५ इंच". बाजूला क्लासमधल्या बायकांची नावं, आणि आईच्या नावापुढे पेन्सिलनं, तुमच्या त्या सरळ अक्षरात: "हिला तीन सांगितले. हात फार भरभर चालतो हिचा." दुसऱ्या कुणाच्या नावापुढे असं काय लिहिलेलं नाय. मी प्रत्येक पान बघितलं.

म्हसळ्याच्या दुकानाला बाळांचे सेट तुम्ही पुरवायचात. तुम्हाला भीती वाटली की उद्या ही पुरवेल. मग सरळ सांगायचं होतं, नाय शिकवत म्हणून. तिच्या हाताला कशाला वास चिकटवलात?

वही आईसमोर धरली. तिनं बोट ठेवून वाचलं. मग म्हणाली, "ठावं हाय मला."

"म्हणजे?"

"बारशातच बाईंच्या टोपड्यावर बोटं ठेवून मापलं. पाच व्हतं. मी काय आंधळी हाय?"

"मग बोलली का नाय?"

"भावाच्या पोराचं बारसं रं त्ये. तिथं भांडू? आन् मापून काय, हसायच्या त्या हसल्याच."

तरी सुया हातात घेतल्या नायच. मग तुमचीच पिवळी लोकर मी धुतली, कुरळेपणा जायला खाली जाळ्याचं शिसं बांधून वाळत टाकली, आणि त्याच गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून टोपडं केलं. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा जमलं. बारशाला ते बाळाच्या डोक्यावर असं बसलं, दोन्ही कान आत, की सगळ्या बायका पुढे वाकल्या. "कुणी केलं गो?" मी लांबून ओरडलो, "आईनं!" आईनं माझ्याकडे बघितलं. पदर सारखा केला. आणि म्हणाली, "व्हय." त्या जेटीवरच्या बाईचं तोंड बघायला तुम्ही पायजे होतात. नायतर नकोच, तुमचंच तोंड बघायला तुम्ही पायजे होतात.

इथं थांबलो असतो तर मी शहाणा. पण बारशाला तुमची सूनपण आली होती. आईला म्हणाली, "काकू, मला लिहून द्याल का? पुण्याला बहिणीला बाळ होणार आहे." आई म्हणाली, "देते की, ह्यो लिहून देल." मी लिहायला बसलो. तुमचीच वही समोर, तुमच्याच घरात जाणारा कागद. आणि मी तीन इंच लिहिलं. हात अडला पण नाय.

आठ दिवसांनी तिचा मोबाईलवर फोटो आला. झाकण. हुबेहूब तेच झाकण. खाली लिहिलेलं, "काकूंना विचार ना, माझं काय चुकतंय? सासूबाईंनी मला कधी शिकवलं नाही, म्हणायच्या तुझ्या हाताला घाम येतो. खरंच असेल." मी काय उत्तर दिलं नाय. एक दिवस नाय, चार दिवस. पाचव्या दिवशी जेटीवर कुणीतरी आईला म्हणालं, "काय गो, कागद बरोबर दिलास ना? बिचारी सारखी उसवत बसते." आई घरी आली आणि ती सुई घेऊन बर्नर साफ करत बसली. तेव्हा मला कळलं मी कुणाचं नाव परत बुडवायला निघालो होतो.

तसाच गाडीवर बसलो. तुमच्या पडवीत जाऊन सुनेला म्हटलं, "वहिनी, आईनं पाचच सांगितलेलं, लिहिताना मी चुकलो." तिनं लगेच मानलं. एक प्रश्न नाय. उसवायला तिला भीती वाटत होती, म्हणून मीच उसवून टाके परत सुईवर घेतले, दोन ओळी विणून दाखवल्या. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. म्हणाली, "काकूंनी छान तयार केलंय रे तुला." मी हो म्हटलं. काल तिचं टोपडं पूर्ण झालं. कान झाकतंय. आता जेटीवर आईला विचारायला बायका येतात आणि आई मला हाक मारते.

तुम्हाला माफ केलेलं नाय, तसा गैरसमज नको. वही परत करणार होतो, पण हे सगळं तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, त्यामुळे आता ती माझ्याकडेच राहणार. आणि एवढं लिहिलंच हाय तर हेपण. फोटो आल्यानंतरचे ते चार दिवस मला लाज वाटत नव्हती, बाई. मजा वाटत होती. शिडीवर चढताना मधेच थांबून मी तो फोटो परत परत उघडायचो आणि हसायचो. ती बिचारी तिकडे स्वतःच्या हाताला नावं ठेवतेय हे माहीत असून. पेन्सिलनं ते लिहून झाल्यावर तुम्हाला कसं वाटलं असेल, ते आता मला पुरतं माहीत हाय. आमच्या वाडीतल्या बऱ्याच म्हाताऱ्या आता तिकडे तुमच्या सोबतीला आल्यात, दुपारी गप्पा होत असतीलच. त्यांच्यासमोर माझी चोरी सांगा, उसवलेलं टोपडं सांगा, कानाचं सांगा. पण ते चार दिवस कुणाला सांगू नका. पाया पडतो, बाई. कुणालाच नका सांगू.