चाक हातभर वर

रविवार, ता. ११
सकाळी, बोटीवरून

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. आईचा गुडघा आता बराच सुधारलाय. जिना चढते, फक्त उतरताना कुरकुरते. मागच्या खोलीतलं गळणं मी बंद केलं. मांजरीनं तुझ्या जुन्या पेटीत पिलं घातलीत, त्यामुळे ती पेटी तूर्त तुझी नाही.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच "अगं, ऐक तर" म्हणतोस आणि मी ऐकत बसते. म्हणून पत्र.

आधी कामाचं लिहिते. तू सुचवलेलं हायड्रॉलिक स्टिअरिंग बसलं. "मी येतो, दोघं मिळून करू" असं तू म्हणाला होतास. मग साहेब सुट्टी देईनात, मग वहिनीच्या माहेरचं काहीतरी निघालं. शेवटी मी एकटीनंच हात घातला. जुनी केबल गंजून आत्यासारखी हटून बसली होती. करवतीनं कापून काढली. केबल म्हणतेय मी.

बाकी काम वाटलं तितकं अवघड नाही. चाकामागे पंप, तिथून दोन नळ्या कडेकडेनं मागे, आणि मागे इंजिनाला सिलिंडर. चाक फिरवलं की तेल नळीतून जोर लावतं आणि इंजिन वळतं. पहिल्यांदा मी नळ्या उलट्या जोडल्या. चाक एकीकडे, इंजिन भलतीकडे. एकटीच खो खो हसले. बाबा असते तर मला आठवडाभर चिडवलं असतं. आता चाक करंगळीनं फिरतं. माझा दुखरा खांदा तुला दुवा देईल, असं मी काल दुपारपर्यंत लिहिणार होते.

एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती. "चाक हातभर वर बसव" हा तुझा हट्ट. मी म्हटलं, अरे, मी आईच्या उंचीवर गेलेय, चाक छातीशी येईल. तू म्हणालास, "खाली पाट ठेव. उभं राहून चालवायला वरच बरं, माझं ऐक." माझ्या खांद्याचाच काही विचार केला असशील, असं समजून मी ऐकलं. मोजून, खूण करून, बाबांच्या हातच्या त्या फळीला नवं भोक पाडलं.

नळ्या बदलून काल दुपारी पुन्हा तेल भरलं. भरल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नाही. एकानं पुढे चाक फिरवत राहायचं, दुसऱ्यानं मागे सिलिंडरची चावी सोडून बुडबुडे थांबेपर्यंत बघायचं. मी पुढून मागे, मागून पुढे धावत होते. धक्क्यावर एक उंच गृहस्थ बराच वेळ उभे होते. म्हणाले, "मी धरू का चाक?" मला देवच पावला. थर्मासातला चहासुद्धा दिला त्यांना.

ते चाकापाशी उभे राहिले. कोपर बरोबर जागेवर, मान सरळ. अगदी मापाचं शिवल्यासारखं.

मी म्हटलं, "तुम्हाला बरं जमतंय."

"जमणारच ना," ते म्हणाले. "तुमच्या भावाला मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, जुन्या केबलवाली बोट मी घेणार नाही, आणि चाक माझ्या उंचीला पाहिजे. तुम्ही अगदी मी सांगितलं तसंच बसवलंत हो."

चावी माझ्या हातात उघडीच राहिली. तेल मनगटावरून बाहीत गेलं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं का? ते तर म्हणाले, बहिणीचा खांदा गेलाय, तीच म्हणते मला आता झेपत नाही, विकून टाक."

दादा, हे मी कधी म्हटलं रे? दुखतो म्हटलं. झेपत नाही असं एकदा तरी म्हटलं?

त्यांनी मला त्यांच्या फोनवर फोटो दाखवले. मी तुला रोज पाठवत होते तेच. शाबासकीच्या आशेनं पाठवत होते. तू नुसता अंगठा पाठवायचास आणि फोटो त्यांच्याकडे पुढे ढकलायचास. एका फोटोत माझा तेलानं माखलेला हात आहे. तोही त्यांच्याकडे.

विकायचीच होती तर समोर बसून म्हणायचंस. भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, पण निदान भांडलो तरी असतो. तू तर माझ्याच हातानं मला बोटीवरून उतरवायची तयारी करून घेतलीस. याचा मला इतका संताप आलाय की रडूसुद्धा येत नाही.

बाबांनी बोट आपल्या दोघांच्या नावावर केली. माझ्या सहीशिवाय ती हलत नाही आणि सही मी करणार नाही. त्या गृहस्थांना तिथंच सांगितलं. माणूस भला निघाला. ओशाळला, पण गेला नाही. "आता हवा तरी पुरती काढू," म्हणाला, आणि शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत चाक फिरवत राहिला. जाताना म्हणाला, "तुमच्या भावाशी मी बोलतो." काय बोलेल ते तुझं तू निस्तर.

आज पहाटे येऊन चाक उतरवलं आणि माझ्या उंचीला बसवलं. वरच्या भोकावर पत्रा मारेन. उद्यापासून बोट पाण्यात.

राहिली आई. तिला यातलं काही ठाऊक नाही. काल घरी गेले तर दारातच विचारलं, "दादा आला नाही, मग कसं जमलं गं तुला?" मी म्हटलं, "दादानं फोनवर सगळं नीट समजावलं, म्हणूनच जमलं." इतकी खूश झाली. शेजारणीला हाक मारून सांगितलं, माझी दोन्ही लेकरं एकमेकांना धरून आहेत.

खरं सांगायला तू ये. तुझ्यासाठी मी बोललेलं ते शेवटचं खोटं.

'तुझी' असं लिहायला घेतलं होतं. राहू दे.

धाकटी