एकच जीप

उदगीर

विरूपाक्ष अण्णास,
नागम्माचा शरणार्थ.

लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच. पक्षाकडं पैसा न्हाई, म्हणून तुझा आन् आमच्या मालकांचा गट एक झाला. दोघांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून शपथ घेतली, एकाच जीपमधून प्रचार करायचं ठरलं. मला लई बरं वाटलं होतं.

आज तुला आणायला निघताना मालकांनी लिंग काढून देवघरात ठेवलं. झोपेतसुद्धा त्यांनी ते कधी काढलं न्हाई. इचारलं तर म्हणाले, "आल्यावर घालीन."

अण्णा, त्या जीपमध्ये बसू नको. ही चिठ्ठी कुणाच्या हाती पाठवू, तेच बघायलेय.

जीप आली वाटतं. मालक एकटेच उतरलेत. घरात प्यायला पाणी न्हाई, आन् ते आंघोळीला मागायलेत.

तुझी धाकटी बहीण,
नागम्मा