सोडलेला जिताडा

३ जानेवारी, शनिवार

अरफानं मुलगा निवडलाय. जेवताना सांगितलं, तेही माझ्या तोंडात घास असताना. नाव तहा. घरचे रत्नागिरीकडचे. काम काय करतो विचारलं तर म्हणाली, "अब्बा, ही वर्क्स विथ फिश."

मासे! घास गिळला आणि मनातल्या मनात निम्मा होकार तिथेच देऊन टाकला. कोकणी पोरगा, माशात काम करतो, म्हणजे बोट असणार, नाहीतर मार्केटात गाळा तरी. मरियमला हळूच म्हटलं, आता सुरमई विकत आणायला नको. ती म्हणाली, "आधी पोराचं तोंड बघा, मग सुरमईचं."

तरी संध्याकाळपासून मुलाचाच विचार येतोय. उमर कॅनडाला गेला तो गेलाच. आता ही.

४ जानेवारी, रविवार

घात झाला.

पोरगा मासे पकडत नाही. विकतही नाही. इथल्या अल ऐन शहराच्या वाटेवर वाळवंटात एक मोठं तळं खणलंय, त्यात मासे सोडलेत. लोक पैसे भरून ते पकडतात — आणि परत पाण्यात टाकतात! टाकलेला मासा नीट पोहतोय ना, हे बघायला तहाला पगार मिळतो. हुद्दा — फिश वेल्फेअर ऑफिसर. माशाचं कल्याण! दर आठवड्याला तळ्याचं पाणी बाटलीत भरून तपासायला आणायचा, अरफाच्या लॅबमध्ये. तिथे जमलं म्हणे.

"परत टाकायचा तर पकडायचा कशाला?"

"फॉर स्पोर्ट, अब्बा."

"आणि खायचं काय?"

"देअर्स अ कॅफे."

मासा कुठला म्हणून फोनवर फोटो दाखवला. खाली लिहिलेलं, एशियन सी बास. मरियम म्हणाली, "बास म्हणजे पुरे, तसलं?" मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रुपेरी अंग, वर आलेली पाठ, दिव्यासारखा चमकणारा डोळा. बास कसला! जिताडा! सरळसरळ आपल्या खाडीतला जिताडा!

आमच्या म्हसळ्याकडे जिताडा मिळाला तर माणूस पिशवी अंगाशी धरून घरी येतो, कुणी विचारू नये म्हणून. साहेबाकडून काम करून घ्यायचं, तर जिताडा. जावई पहिल्यांदा जेवायला येणार, तर जिताडा. आणि हा जावई जिताडा पाण्यात टाकणार!

सांगून टाकलं, असल्या पोराला मुलगी द्यायची नाही. अरफा म्हणाली, "यू हॅवन्ट इव्हन मेट हिम."

५ जानेवारी, सोमवार

मरियम बोलत नाही. अरफा बोलत नाही. जेवायला डाळ.

९ जानेवारी, शुक्रवार

मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअर बघतो आणि सूर्यकांतराव अकाउंट्स. पंधरा वर्षांचा डबा शेजारी शेजारी. सातारचे, अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे भेंडी संपवली आणि म्हणाले, "खैरुभाई, त्या तळ्यावर अठराला टूर्नामेंट आहे. दोघांची टीम लागते. पोराला न सांगता बघायचं तर हाच चान्स."

"तुम्ही मासे पकडणार?"

"पकडून सोडायचेच आहेत ना. मग माझी काय हरकत असणार?" नंतर जरा थांबून म्हणाले, "इरा परवा म्हणाली, बाबा, यू हॅव नेव्हर वन एनिथिंग. तिथे ट्रॉफी असते."

माणशी तीनशे दिऱ्हम. म्हणजे सात हजार रुपयांच्या वर! एवढ्या पैशांत म्हसळ्याला जिताडा घरपोच येईल, मसाल्यासकट. भरले. पोरीचा प्रश्न आहे. माणूस खरा आहे की नाही, ते एकदा डोळ्यांनी बघायचं.

१३ जानेवारी, मंगळवार

इमारतीच्या मागे सराव. मला गळ माहीत आहे तो दोरीचा, बोटाला गुंडाळायचा. हा काठी, रीळ आणि टोकाला रबराचा मासा असा थाट. सूर्यकांतरावांनी चार व्हिडिओ बघून पहिली फेक केली आणि शेजारच्या गच्चीत वाळत घातलेला घरमालकाचा कंदुरा, तो लांब पांढरा झगा, गळात धरला. मालक वरून बघत होता. सूर्यकांतराव म्हणाले, "सॉरी हबीबी, प्रॅक्टिस." मग मला म्हणाले, "पण ओढ चांगली होती."

१७ जानेवारी, शनिवार

वेश तयार. टोपी, काळा चष्मा, आणि नाव विजयकुमार. पोराला माझं नाव ठाऊक असणार ना! सूर्यकांतराव मला फोन करकरून "विजयकुमार" म्हणतायत, सवय व्हावी म्हणून. तिसऱ्यांदा मी राँग नंबर म्हणून फोन ठेवला. घरी सांगितलंय, ऑफिसची पिकनिक.

१८ जानेवारी, रविवार

हात दुखतायत. अक्षर दिसत नाही. पण आज लिहिलं नाही तर पोटात राहील.

तळं मोठं निघालं. वाळवंटात एवढं पाणी बघून आधी राग आला, मग बरं वाटलं. दारातच एक माणूस माशाचा वेश घालून नाचत होता. चांदीच्या कापडाचं अंग, हातांच्या जागी पर, डोळे थाळीएवढे. सूर्यकांतरावांनी त्याच्याशी हात मिळवला. मी नाही. जिताड्याची ही दशा माझ्याच्यानं बघवेना.

प्रत्येक बोटीवर तळ्याचा एक माणूस असतो, मासा मोजायला. आमच्या बोटीत उंच, दाढीवाला पोरगा चढला. अरफा म्हणालीच होती, उंच आहे, दाढी आहे. छातीवर पट्टी होती, पण काळ्या चष्म्याला नंबर नाही. पहिलं अक्षर तेवढं दिसलं. टी. टी म्हणजे तहा! सूर्यकांतरावांना कोपरानं ढोसलं, ते पाण्यात जाता जाता वाचले. खात्री करायला नाव विचारणार कसं? त्यानंही माझं विचारलं असतं.

सकाळभर काही नाही. सूर्यकांतरावांच्या गळानं दोनदा त्यांचीच टोपी धरली. एकदा बोटभर मासा आला, त्याला डोळे मिटून "सॉरी हं" म्हणाले आणि सोडला. तहा फोनमध्ये डोकं घालून बसलेला. मी मनात एक खूण केली — आळशी.

दुपारी माझ्या काठीला ओढ लागली. काय ओढ! बोट फिरली. तो पाण्याबाहेर उसळला तेव्हा माझ्या तोंडून लहानपणासारखं "अम्मा गे" निघालं. जाळीत घेतला तर दोन हातांत मावेना. असा जिताडा मी उभ्या जन्मात धरला नव्हता. सूर्यकांतराव उभे राहून ओरडायला लागले, "फर्स्ट प्राइज! इराला फोटो पाठवा!"

पोरगा मोजपट्टी काढायला वाकला. मला वाटलं, परीक्षा घ्यायची ती आत्ताच. हळूच म्हटलं, "बेटा, इसको छोडना जरूरी है क्या? आईसबॉक्स खाली है."

त्यानं डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. म्हणाला, "अंकल, किसी को बोलना मत. मुंडी मेरे को."

मुंडी! घटकाभर पोराचं कौतुक वाटलं, खोटं कशाला लिहू. जिताड्यात मुंडकं मागतो म्हणजे जीभ चांगली आहे. पण मग तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला माशाच्या कल्याणाचा पगार, तोच मुंडी मागतो! याच्या भरवशावर मी पोरगी पाठवू? "शरम वाटत नाही?" असं मराठीत ओरडलो, जिताडा दोन्ही हातांनी उचलला आणि दिला पाण्यात टाकून. न मोजता.

शेपटीचा एक फटका. सूर्यकांतराव नखशिखान्त ओले. खलास.

मी टाकला. म्हसळ्याच्या खैरुद्दीननं जिताडा परत टाकला! सूर्यकांतराव काठापर्यंत एकच वाक्य बोलले. "मोजून तरी टाकायचा."

काठावर कॅफेच्या मागे सावलीत जाऊन बसलो. तो कापडी मासा तिथेच नळाजवळ दम खात बसलेला. तोंडावर पाणी मारावं म्हणून काळा चष्मा काढला. खिशातला खरा चष्मा घालायला काढला, तोच डोळे भरून आले. चष्मा त्या कापडी माशाला धरायला दिला आणि तोंड धुतलं. आत कोण असेल, फिलिपिनो नाहीतर नेपाळी. मराठी कुठली कळणार? म्हणून बोलायला लागलो. कुणाशी तरी बोलायचंच होतं.

म्हटलं, "माझ्या पोरीनं पसंत केलेला तो तहा, आमच्या बोटीवर होता. चोर निघाला रे बाबा." मासा जोरजोरात मान हलवायला लागला. म्हटलं, "तुलाही वाईट वाटलं ना?" तो दोन्ही पर हलवायला लागला. नाचायची सवय, दुसरं काय.

मग म्हटलं, "पण खरं सांगू? त्यानं मुंडी मागितली तेव्हा राग नंतर आला. आधी बरं वाटलं. नाही म्हणायला कारण मिळालं. हा पोरगा फरिश्ता असता तरी मी खोट काढलीच असती. हिचा भाऊ गेला, आता ही गेली की घरात मी, मरियम आणि फ्रिजचा आवाज. संध्याकाळी ती दारात चावी फिरवते ना, ती ऐकू यावी म्हणून मी टीव्हीचा आवाज कमी करून बसतो. रोज. हे तिला माहीत नाही. मला तिला पाठवायचंच नाही, कुणाहीबरोबर."

माशाचं हलणं थांबलं. मग त्यानं परानं माझी पाठ थोपटली. मऊ होता पर.

एवढ्यात लाऊडस्पीकरवर "विजयकुमार! मिस्टर विजयकुमार!" सुरू झालं. मी बसून राहिलो, असेल कुणी. सूर्यकांतराव ओल्या शर्टानं धावत आले. "अहो विजयकुमार म्हणजे तुम्ही!" समोरच्या बोटीनं बघितलं म्हणे, एवढा मोठा मासा आणि बक्षिसाचा मोह न ठेवता लगेच सोडला. फिश वेल्फेअर ट्रॉफी आम्हाला! फळीवर ठोकलेला रबरी मासा आहे. सूर्यकांतराव त्याला मांडीवर घेऊन घरी आले. चार वेळा पुसला.

चष्मा हरवला.

१९ जानेवारी, सोमवार

मोठ्या अक्षरात लिहितोय, चष्मा नाही. अरफाला पुन्हा 'नाही' म्हणून सांगितलं. "गिव्ह मी वन रीझन, अब्बा." कारण सांगायचं तर विजयकुमार सांगावा लागेल. म्हटलं, मी बोललो, विषय संपला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी, बुधवार

चावी फिरली. ती सरळ आपल्या खोलीत गेली. मी टीव्ही मोठा केला.

२२ जानेवारी, गुरुवार

मरियमनं तहाला शनिवारी जेवायला बोलावलंय! "मुलीनं नाही, मी बोलावलंय. घर माझंही आहे." वर आणि मलाच सी बास आणायला पिटाळलं, जावई येणार म्हणून!

आणला. येऊ दे. मुंडक्याचं कालवण करायला सांगितलंय. वाडगा त्याच्या पुढ्यात ठेवणार आणि म्हणणार, घ्या, तुमची मुंडी. सगळ्यांसमोर. मग बघू कोण मला कारण विचारतं.

२४ जानेवारी, शनिवार

दार मीच उघडलं. बोटीवरचा तो नव्हताच. हा दुसराच कुणी. उंच, दाढी, घामाघूम. सलाम केला आणि खिशातून काढून माझा चष्मा पुढे धरला. काचा पुसलेल्या.

"चाचा, हा माझ्याजवळ राहिला होता. त्या दिवशी माशाचा वेश घालणारा माणूस आजारी पडला, म्हणून तो वेश मला घातला. त्यात बोलायला बंदी असते."

मागून मरियम म्हणाली, "म्हणजे तुम्ही आधी भेटलात?" अरफाही बाहेर आली. बोटीवरच्या त्या पट्टीवरचा टी तहाचा नव्हताच, टूर्नामेंटचा. आता आठवलं, तळ्यावरच्या सगळ्यांच्याच छातीवर होता तो.

तहा म्हणाला, "तळ्यावर पाच मिनिटं. चाचांनी तोंड धुतलं, एवढंच. बोलणं काही झालं नाही."

मी चष्मा घातला. मग जेवायला बसल्यावर मुंडक्याचा वाडगा त्याच्याच पुढ्यात ठेवला.